हरीण सगळ्यांचं, वावर एकाचं

मागच्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, सॉक काउंटीत, ओकच्या झाडांनी वेढलेल्या अर्ध्या एकराच्या तुकड्यावर सलगम पेरत होतो. गळ्यात बी पसरवायचं फिरकीचं यंत्र, हाताने दांडा फिरवायचा आणि एका चालीत चालत राहायचं. बी मोहरीएवढं बारीक. यंत्राचं तोंड थोडं जास्त उघडलं तर सगळं पहिल्या पन्नास पावलांतच संपतं. माझं तसंच झालं.

जमीन माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची. आमच्या टीममधला तो सगळ्यात जुना माणूस, वयाने माझ्या बाबांएवढा. सोमवार ते शुक्रवार तो डेटाबेस सांभाळतो आणि शनिवार-रविवार त्याच्या चाळीस एकरांवर असतो. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे हे कळल्यावर त्याने मोठ्या आशेने मला बोलावलं होतं. इंजिनिअरिंगला गेल्यापासून मी शेतात पाय ठेवला तो फक्त फोटो काढायला, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

बी संपल्यावर मी सहज विचारलं, "एवढं सलगम विकतोस कुठे?"

तो हसला. म्हणाला, "विकत नाही. हरणांसाठी आहे."

मला वाटलं, भूतदया असेल. मग त्याने तुकड्याच्या उत्तरेला बोट दाखवलं. तिथे चार खांबांवर एक लाकडी खोली उभी होती, तीन बाजूंना अरुंद खिडक्या असलेली. मचाणच. डिसेंबरात बर्फ पडलं, आजूबाजूचं सगळं खाणं संपलं, की हरणं या सलगमवर येतात. आणि तो त्या खोलीत बंदूक घेऊन बसलेला असतो.

मला आमच्या वावरातलं मचाण आठवलं. नागपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून आमचं वावर आहे. विदर्भात शेताला वावर म्हणतात. तिथे माझे आबाजी थंडीच्या रात्री घोंगडी पांघरून मचाणावर बसायचे. त्यांच्याही समोर पीक असायचं आणि तेही हरणांचीच वाट पाहायचे. फक्त त्यांच्या हातात गोफण आणि पत्र्याचा डबा असायचा, आणि हरणं येऊ नयेत म्हणून ते जागायचे.

एकीकडे हरणांपासून पीक वाचवणारा माणूस, दुसरीकडे हरणांसाठीच पीक लावणारा. हे दुसरं काम कधी आणि का सुरू झालं, हे शोधण्यात माझे पुढचे काही महिने गेले. हा लेख त्यातून आला आहे.

उशिराचं पीक

अमेरिकेत अशा तुकड्याला फूड प्लॉट म्हणतात. त्यातही उशिराच्या हंगामाचा फूड प्लॉट ही वेगळी विद्या आहे.

विस्कॉन्सिनमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार सप्टेंबरच्या मध्यात सुरू होते. बंदुकीचा नऊ दिवसांचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून. तो संपला की दहा दिवस ठासणीच्या बंदुकीचे. हो, तीच, नळीत दारू ठासून उडवायची. धनुष्यबाणाचा हंगाम तर जानेवारीपर्यंत चालतो.

नोव्हेंबर हा इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माजाचा काळ. नर धड खात नाहीत, माद्यांमागे पळत राहतात आणि त्यात त्यांच्या वजनाचा पाचवा हिस्सासुद्धा उतरू शकतो. माज ओसरतो तेव्हा थंडी आलेली असते. ओकची फळं बहुतेक संपलेली, गवत वाळलेलं, मक्याची कापणी झालेली. आता हरणाच्या डोक्यात एकच विषय उरतो, पोट. शिकाऱ्याच्या दृष्टीने हरणाची वाट आगाऊ ओळखता येण्याचा हा काळ असतो, कारण खाणं कुठे आहे ते कळलं की हरीण कुठे येणार तेही कळतं.

म्हणून खाणं आपणच लावायचं. त्याचं वेळापत्रक उलटं मोजतात. थंडीत पीक तयार हवं, तर सलगम, मुळा, केल, रेप ही मोहरीच्या कुळातली पिकं जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पडली पाहिजेत. त्याआधी मातीचा नमुना तपासायचा आणि माती आंबट असेल तर चुना टाकायचा. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात रायचं बी फोकायचं. राय म्हणजे गव्हाच्या जवळचं धान्य, गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानातही वाढत राहणारं. ज्यांच्याकडे जमीन जास्त, ते सोयाबीन किंवा मका न कापता उभा ठेवतात. बर्फातून वर राहिलेल्या शेंगा आणि कणसं जानेवारीतही मिळतात.

सलगममध्ये एक गंमत आहे. थंडी वाढली की ही झाडं पानांतल्या स्टार्चची साखर करतात. साखरेमुळे पेशींतलं पाणी लवकर गोठत नाही. झाड स्वतःचा जीव वाचवत असतं, पण त्यामुळे पाला गोड होतो. बरेच शिकारी सांगतात की सप्टेंबरात हरणं या पाल्याला तोंड लावत नाहीत आणि दोन-चार कडक रात्री पडल्या की त्यावर तुटून पडतात. पाला संपला की बर्फ उकरून कंद खातात.

हे वाचताना मला काहीतरी ओळखीचं वाटत होतं. काय ते जरा उशिरा कळलं. आमचा हरभरा!

पावसाळा संपला की आम्ही हरभरा पेरतो. डिसेंबर-जानेवारीत जंगलातलं गवत वाळून कोळ झालेलं असतं, पानझड सुरू झालेली असते आणि अशा वेळी जंगलाच्या कडेला आमचं वावर हिरवंगार, कोवळं, आंबट पाल्याने भरलेलं. चितळ येतात, रोही येतात, रानडुकरं येतात. जंगलाकडून पाहिलं तर तो उशिराच्या हंगामाचा नंबर एक फूड प्लॉट आहे. आबाजींनी आयुष्यभर तो पिकवला, एकदाही मनात नसताना.

आग, कुंपण आणि उडी

हरणांना हव्या त्या जागी आणण्यासाठी जमीन बदलणं ही कल्पना बियाण्याच्या पिशवीपेक्षा फार जुनी आहे.

इंग्रज वसाहतवाले सतराव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्यांना बागेसारखी मोकळी जंगलं दिसली. झाडांखाली झुडपांचा गचपण नाही, घोडा सहज जावा अशी वाट. विल्यम वूड नावाच्या इंग्रजाचं या प्रदेशाबद्दलचं पुस्तक १६३४ साली प्रसिद्ध झालं. इथले मूळ रहिवासी नोव्हेंबरात, गवत वाळल्यावर जंगलाच्या तळाला आग लावतात, असं त्याने त्यात नोंदवलं आहे. अशी हलकी आग झुडपं साफ करते, राखेतून कोवळा पाला आणि गवत उगवतं आणि त्यावर हरणं येतात. इतिहासकार विल्यम क्रोनन याने १९८३ सालच्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं. वसाहतवाल्यांना जे आपोआप वाढलेलं रान वाटलं, त्याच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचं काम होतं. फरक एवढाच की ती जमीन आणि त्यावर येणारी हरणं एका माणसाच्या नावावर नव्हती.

हे वसाहतवाले ज्या देशातून आले तिथे मात्र हरीण म्हणजे मालकीचा प्रश्न होता. नॉर्मन राजांनी इंग्लंडचे मोठाले भाग राजाचं शिकारीचं रान म्हणून राखले आणि तिथे हरीण मारणाऱ्याला कडक शिक्षा ठेवल्या. सरदारांनी परवानगी काढून स्वतःची हरणांची कुरणं बांधली. त्यांच्याभोवती आत चर आणि बाहेर कुंपण असे, म्हणजे आतल्या हरणाला उडी मारून बाहेर पडता येऊ नये. काही ठिकाणी याच कुंपणात एक खास जागा ठेवलेली असे. बाहेरून उतार चढत आलेलं हरीण तिथून सहज आत उडी मारू शके, पण आत खोल चर असल्यामुळे परत जाऊ शकत नसे. राजाच्या रानातलं हरीण एका उडीत सरदाराचं होई. अशी रचना करायला परवानगी लागे, ती का ते उघड आहे.

आपल्याकडेही ही कल्पना होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या विहारासाठी मृगवन कसं असावं ते दिलं आहे. एकच दार, भोवती खंदक, आत गोड फळांची झुडपं, बिनकाट्याची झाडं, उथळ तळं, माणसाळलेले प्राणी, आणि वाघासारख्या हिंस्र प्राण्यांचे दात आणि नखं काढलेली. म्हणजे धोका वजा केलेली शिकार. त्याच ठिकाणी राज्याच्या सीमेवरच्या दुसऱ्या एका मृगवनाचाही उल्लेख आहे, जिथे येणाऱ्या सगळ्या प्राण्यांना पाहुण्यासारखं वागवायचं. एक बाग मारण्यासाठी, एक पाहुणचारासाठी. दोन्हीकडे प्राणी येतात ते खाण्यासाठीच.

पीक म्हणून हरीण

अमेरिकेत आलेल्या युरोपीय लोकांना राजाचं हरीण नको होतं. इथे हरीण कोणीही मारावं. त्याचा परिणाम असा झाला की सगळ्यांनीच मारलं. अठराव्या शतकात दक्षिणेतल्या बंदरांतून हरणांची कातडी लाखांनी युरोपला गेली. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि शिकारी शहरांच्या बाजारासाठी मांस पाठवू लागले. युरोपीय येण्याआधी या खंडावर पांढऱ्या शेपटीची हरणं काही कोटी असावीत असा अंदाज आहे. १९०० च्या सुमारास तीन ते पाच लाख उरली होती.

मग कायदे आले. १९०० सालच्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या राज्याराज्यांतल्या व्यापाराला बंदी घातली. राज्यांनी हंगाम ठरवले, माद्या मारायला मनाई केली, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हरणं नेऊन सोडली. १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जाऊ लागला. म्हणजे शिकारी हरणं वाचवण्यासाठी पैसे भरू लागले. आज अमेरिकेत या हरणांची संख्या अंदाजे तीन कोटी आहे.

या सगळ्यामागे एक तत्त्व पक्कं होत गेलं. हरीण जमीनमालकाचं नाही, राजाचं नाही, राज्यातल्या सगळ्या लोकांचं. सरकार फक्त विश्वस्त. माझ्या सहकाऱ्याच्या चाळीस एकरांतलं गवताचं पातं न्‌ पातं त्याचं आहे, पण त्यात उभं असलेलं हरीण त्याचं नाही. ते कायद्याने मारेपर्यंत त्याच्यावर त्याचा हक्क नाही.

१९३३ साली आल्डो लिओपोल्ड नावाच्या वनाधिकाऱ्याचं 'गेम मॅनेजमेंट' हे पुस्तक आलं आणि त्याच वर्षी मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात तो या विषयाचा प्राध्यापक झाला. त्याच्या मांडणीत शिकारीचा प्राणी हे जमिनीचं पीक आहे, दरवर्षी घेता येणारं. ज्या कुऱ्हाडीने, नांगराने, गुरांनी, आगीने आणि बंदुकीने प्राणी संपवले, तीच साधनं नीट वापरून ते परत आणता येतील, असं तो म्हणत होता. आजच्या फूड प्लॉटचं मूळ याच विचारात आहे, पण गंमत बघा. हरणं परत आल्यावर लिओपोल्डचीच झोप उडाली.

लांडगे मारून संपवलेले, माद्या मारायला बंदी, आणि तोडलेल्या जंगलाच्या जागी कोवळी झाडी. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये हरणं इतकी वाढली की हिवाळ्यात त्यांना खायला पुरेना. लोकांना उपाशी हरणं बघवत नव्हती, म्हणून सरकारी खर्चाने जंगलात चारा टाकला जाऊ लागला. लिओपोल्ड याच्या विरोधात होता. चारा टाकून हरणं जगतात आणि उरलेलं जंगल खातात, संख्या कमी करायला हवी, हे त्याचं म्हणणं. १९४३ साली राज्याने माद्या आणि पिल्लं मारायला परवानगी दिली. त्या निर्णयात त्याचा वाटा होता. लोक इतके चिडले की त्या हंगामाला गुन्हा म्हटलं गेलं.

चाऱ्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी मला इंजिनिअर म्हणून फार आवडली. हरीण रवंथ करणारा प्राणी. त्याच्या पोटात सूक्ष्मजीवांची फौज असते आणि ती फौज ऋतूनुसार बदलते. हिवाळ्यात ती काड्या-डहाळ्या पचवायला तयार झालेली असते. अशा वेळी दयेने कोणी एकदम मक्याचा ढीग टाकला, तर पोटात आम्ल वाढतं आणि भरल्या पोटी हरीण मरू शकतं. नवीन खाण्याशी जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात. शेतात उभं असलेलं पीक हरीण शरदापासून थोडं थोडं खात येतं, म्हणून पोटाला सवय होत जाते. ढीग आणि शेत यांत शरीराच्या पातळीवरही असा फरक आहे.

बियाण्याची पिशवी

शिकारीसाठी खाणं पेरायची पद्धत आधी पक्ष्यांसाठी रुळली. जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या सीमेवरच्या मोठ्या जमीनदारीत श्रीमंत लोक बॉबव्हाइट मारायला जात. हा आपल्या लाव्यासारखा पक्षी. हर्बर्ट स्टॉडर्ड याने तिथे अभ्यास करून १९३१ साली या पक्ष्यावर ग्रंथ लिहिला. कुठे आग लावायची, कुठे दाणा पेरायचा, हे शास्त्र तिथून पसरलं.

हरणांच्या बाबतीत वळण आलं ते १९७० च्या दशकात. तोवर हरणं भरपूर झाली होती आणि शिकाऱ्यांना संख्येपेक्षा मोठ्या शिंगांचा नर हवा होता. १९७५ साली टेक्सासमधल्या अल ब्रदर्स आणि मर्फी रे या दोघा जीवशास्त्रज्ञांचं एक पुस्तक आलं. त्याचा गाभा असा की तरुण नर सोडून द्या, माद्या पुरेशा मारा आणि जमिनीवर खाणं वाढवा. १९८८ साली साउथ कॅरोलिनात याच विचाराची संघटना निघाली. त्याच साली अलाबामात रे स्कॉट या माणसाने हरणांसाठी खास क्लोव्हरचं बी विकायला सुरुवात केली. हा माणूस आधी मासेमारीच्या स्पर्धा देशभर लोकप्रिय करण्यासाठी प्रसिद्ध होता. आता त्याने हरणांचा चारा पिशवीत भरला, पिशवीवर शिंगांच्या नराचं चित्र छापलं.

आज इथल्या शेतीसामानाच्या कुठल्याही दुकानात अशा पिशव्यांची भिंत दिसते. आत तेच सलगम, तोच मुळा, तीच राय. गाईंसाठीचं तेच बी साध्या गोणीत स्वस्त मिळतं. माझा सहकारी गोणीतलंच आणतो. म्हणतो, "हरणाला वाचता येत नाही."

पेरलं तर चालतं, टाकलं तर नाही

विस्कॉन्सिनचा कायदा इथे बारीक रेघ ओढतो. हरणासाठी मका जमिनीवर ओतला तर ते आमिष. काही काउंटींत ते दोन गॅलनच्या मर्यादेत चालतं, काही ठिकाणी पूर्ण बंदी. सॉक काउंटीत बंदी आहे. पण तोच मका त्याच जागी पेरला, उगवू दिला, उभा ठेवला आणि त्यावर आलेलं हरीण मारलं, तर काही अडचण नाही. बदकांच्या बाबतीत केंद्राचे नियम आणखी काटेकोर. १९३५ पासून त्यांना दाणे टाकून मारायला बंदी आहे. कबुतराच्या जातीच्या डव्हसाठी उभं पीक कापून दाणे खाली पाडले तर चालतं, बदकांसाठी तेच केलं तर गुन्हा.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ती नुसती पळवाट वाटली. मग वाटलं, नाही, त्यात काहीतरी आहे. पेरायला पाऊस लागतो, वेळ लागतो, पीक फसू शकतं. ढीग टाकायला फक्त पिकअप ट्रक लागतो. पण मग लक्षात आलं की पेरायला आणखी एक गोष्ट लागते. जमीन. सरकारी जंगलात शिकार करणाऱ्याला सलगम पेरता येत नाही. हरीण सगळ्यांचं आहे हे खरं, पण डिसेंबरात ते कोणाच्या मचाणासमोर उभं राहील हे चाळीस एकरवाला ठरवतो. इंग्लंडमधल्या कुंपणातली ती उडीची जागा मला आठवली. इथे कुंपण नाही, चर नाही. हरीण परत जाऊ शकतं. पण बर्फात ते जाईल कशाला?

हे मी सहकाऱ्याला बोलून दाखवलं. तो रागावला नाही. म्हणाला, "माझ्या पूर्वेचा शेजारी एक एकर सोयाबीन उभं ठेवतो. मी पेरलं नाही तर सगळी हरणं त्याच्याकडे. मी पेरलं की थोडी माझ्याकडे." मग जरा थांबून म्हणाला, "आणि माझा बाप भाड्याच्या घरात राहायचा. तो सरकारी रानात जायचा. बहुतेक वर्षं रिकाम्या हाताने यायचा."

झिजत जाणं

या भागात आमिषावर बंदी का, त्याचं कारण एक रोग आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, थोडक्यात सीडब्ल्यूडी. १९६७ साली कोलोराडोतल्या एका संशोधन केंद्रात बंदिस्त हरणांमध्ये तो पहिल्यांदा दिसला. हरीण महिनोन्‌महिने झिजत जातं, लाळ गळते, भान हरपतं आणि मरतं. कारण जिवाणू नाही, विषाणूही नाही. प्रायॉन, म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रथिन, जे शेजारच्या नीट प्रथिनाचीही घडी बिघडवतं. लाळेतून, मूत्रातून, विष्ठेतून ते बाहेर पडतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. उपचार नाही, लस नाही. माणसाला झाल्याची नोंद अजून नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नका असा सल्ला दिला जातो.

२००२ च्या फेब्रुवारीत तो विस्कॉन्सिनच्या दक्षिण भागात सापडला, मिसिसिपी नदीच्या पूर्वेला पहिल्यांदाच. राज्याने आधी त्या पट्ट्यातली हरणं जवळपास संपवायचं ठरवलं. जमीनमालकांनी आणि शिकाऱ्यांनी विरोध केला. काही वर्षांनी तो मार्ग सोडून द्यावा लागला.

आमिषावर बंदी यासाठी की एका ढिगात दहा तोंडं जातात. आता प्रश्न असा की अर्ध्या एकराच्या सलगममध्ये जाणाऱ्या तोंडांचं काय? शेत ढिगापेक्षा पसरट असतं, तोंडं जवळजवळ येत नाहीत, हे खरं. पण सगळीकडे बर्फ आणि एकाच तुकड्यावर हिरवं असलं की रोज तीच हरणं त्याच मातीत नाक खुपसतात, हेही खरं. कायद्याने अजून तरी शेताला शेतच मानलं आहे.

डिसेंबर

ठासणीच्या बंदुकीच्या हंगामात त्याने मला बोलावलं. मी शिकार करणार नव्हतो, फक्त बसणार होतो. नारिंगी जॅकेट घालून दुपारी अडीचला आम्ही मचाणावर चढलो. बर्फ दोन-तीन बोटं. मी ऑगस्टमध्ये जिथे सगळं बी सांडलं होतं, तिथे सलगम एवढे दाटीत उगवले होते की कंद धरलेच नव्हते, नुसता पाला. बाकीच्या भागात चांगले मुठीएवढे.

चार वाजता पहिली मादी आली. तिच्यामागे दोन पिल्लं, मग आणखी एक मादी. सलगमचा पाला खाताना करकर आवाज येतो, तो वर ऐकू येत होता. आबाजी अंधारात फक्त हा आवाज ऐकून ओळखायचे की चितळ आहे की डुक्कर. मी लहानपणी त्यांच्यासोबत दोन-तीनदा जागलीला गेलो होतो. डबा वाजवला की हरणं पळायची आणि अर्ध्या तासात परत यायची. मी चिडलो की ते म्हणायचे, "रातचं वावर त्याइचं, दिवसाचं आपलं." आमच्या गावातही कोणाकडे तरी पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असल्याचं ते सांगायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली. आबाजींना त्याचं वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटायचं ते नासलेल्या हरभऱ्याचं.

सहकाऱ्याने दुसरी मादी निवडली. मोठा आवाज, पांढरा धूर आणि काही क्षण काहीच दिसेना. धूर विरला तेव्हा ती ओकच्या कडेला पडली होती. तो बराच वेळ गप्प होता. मग खाली उतरून तिच्या मानेवर हात ठेवून बसला. मी बोलायला काही शोधलं नाही.

तपासणीसाठी नमुना दिला. मांस पाकिटं करून फ्रीजरमध्ये, पण निकाल येईपर्यंत खायचं नाही. त्याआधीच्या तीन वर्षांत त्याच्या हरणांचे निकाल निगेटिव्ह आले होते. या वेळी पॉझिटिव्ह आला. त्याने मला ऑफिसात सांगितलं, बिल्ड फेल झाल्याचं सांगतो तितक्याच शांत आवाजात. ती चांगली धष्टपुष्ट होती, झिजल्याची एक खूण नव्हती. सगळी पाकिटं कचऱ्यात गेली. "तिच्याबरोबरची पिल्लं रोज तिथेच खातायत," एवढंच म्हणाला.

त्याच आठवड्यात बाबांचा फोन झाला. बोलता बोलता म्हणाले, यंदा जंगलाकडच्या तुकड्यात हरभरा पेरला नाही. का, विचारलं. म्हणाले, "जागलीला कोण जाणार? तू तिकडे. माझे गुडघे असे. नुकसानभरपाई मिळते, पण अर्ज, फोटो, पंचनामा, त्यातच मजुरीचे दिवस जातात. पडीक ठेवलं."

मी हिशोब करत राहिलो. आपल्याकडेही चितळ सगळ्यांचं आहे, आणि ते असायलाच हवं. जंगल बघायला येणारे जिप्सीत बसून त्याचे फोटो काढतात. मीही काढले आहेत, आणि इथे ऑफिसात दाखवले आहेत. पण त्याला डिसेंबरात कोवळा पाला कोण देतं, हा प्रश्न मला ते फोटो दाखवताना कधी पडला नव्हता. इथे जमीनवाल्याला त्या पाल्याच्या बदल्यात हरीण मिळतं. आबाजींना रात्रीची जागरणं मिळाली. दोन्हीकडे हरीण लोकांचं आणि चारा एकाच्याच जमिनीतला.

"मग यंदा हरणं कुठे जातात?" मी बाबांना विचारलं.

"बाजूच्या वावरात," बाबा म्हणाले. "तिथल्या काकांनी पेरलाय हरभरा. रात्री डबा वाजतो, इथपर्यंत ऐकू येतो."

मार्चमध्ये सहकाऱ्याने बियाण्याची यादी करायला घेतली. सलगमपुढे त्याने प्रश्नचिन्ह ठेवलं आहे आणि मला विचारलंय, ऑगस्टमध्ये येशील का. त्याच्या पूर्वेच्या शेजाऱ्याने सोयाबीनचं बी आणूनही ठेवलं आहे.